केबलने दिलेला खो

रत्नागिरीच्या आमच्या घरची केबल या गणपतीनंतर बंद झाली. बाबांनी स्वतः फोन करून सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून नको." सेट-टॉप बॉक्स न्यायला केबलवाले काका आले, चहा घेतला, पावसात तुटलेल्या वायरींच्या जुन्या आठवणी काढल्या आणि जाताना स्वतःच्याच फायबर इंटरनेटचं तीन महिन्यांचं रिचार्ज करून घेऊन गेले. धंदा करावा तर असा! ज्या खांबांवरून केबल यायची, त्याच खांबांवरून आता नेट येतं. कोविडपासून मी घरूनच काम करत असल्यामुळे त्या वायरीवर माझी नोकरीसुद्धा लटकलेली आहे.

तुम्ही म्हणाल, यात लिहिण्यासारखं काय? अर्ध्या महाराष्ट्राने केबल कापली आहे. खरंय. पण त्याच आठवड्यात एका मित्राचा अमेरिकेतून फोन आला. हा माझा इंजिनिअरिंगचा दोस्त, एमएस करायला ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत गेला आणि तिकडचाच झाला. मी सहज म्हटलं, "अरे, आम्ही केबल काढली." तर तो म्हणाला, "काढा काढा. आमच्या कॉलेजची टीम त्यातच रस्त्यावर आली."

मग तासभर जे ऐकलं आणि नंतर दोन वीकेंड जे वाचत बसलो, त्याचा सारांश असा.

अमेरिकेत कॉलेजचं फुटबॉल म्हणजे आपल्याकडचं आयपीएल. ही सगळी मिजास पोसली कोणी? केबलने. तिथल्या केबलच्या पॅकेजमध्ये ईएसपीएन असायचंच, आणि ते बघा की नका बघू, बिलात त्याचे पैसे भरायचेच. २०११ च्या सुमारास तिथल्या जवळजवळ १० कोटी घरांत ईएसपीएन पोचत होतं. म्हणजे आयुष्यात एक मॅच न बघितलेली आजीबाईसुद्धा दर महिन्याला कुठल्यातरी कॉलेजच्या स्टेडियमला वर्गणी देत होती! मग लोक केबल कापायला लागले आणि तो आकडा ७ कोटींच्या खाली आला. ऑगस्ट २०२५ मध्ये ईएसपीएनने आपलं वेगळं ॲप काढलं, महिना ३० डॉलरला. ज्याला बघायचंय त्याने पूर्ण पैसे भरा, आजीबाई सुटल्या.

मित्राचं कॉलेज ज्या पॅक-१२ नावाच्या गटात होतं, तो गट १९१५ सालचा. त्यांनी २०१२ मध्ये स्वतःची चॅनेल्स काढली, पण ती पुरेशा घरांत पोचलीच नाहीत. २०२३ मध्ये नवीन करार करायची वेळ आली तेव्हा हातात मुख्य प्रस्ताव होता तो ॲपलच्या स्ट्रीमिंगचा. जितके ग्राहक येतील त्या हिशोबात पैसे वाढणार. ते बघून एकेक कॉलेज दुसऱ्या गटांत पळालं. स्टॅनफर्ड आणि बर्कली, दोन्ही पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची, चक्क अटलांटिक नावाच्या गटात गेली! म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजने कोलकात्याच्या लीगमध्ये नाव नोंदवण्यासारखं झालं. फुटबॉलवाले निदान चार्टर्ड विमानाने जातील, पण व्हॉलीबॉलच्या मुलींनाही देश ओलांडून मॅचला जावं लागतं आणि आल्यावर परीक्षा द्यावी लागते. १२ पैकी मागे उरली फक्त दोन कॉलेजं. त्यातलं एक माझ्या मित्राचं. नंतर नवे सभासद गोळा करून गट पुन्हा उभा करायची खटपट सुरू झाली, पण मोडलेला संसार तो मोडलेलाच.

हे सगळं ऐकून माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला. केबल गेल्यामुळे तिकडच्या कॉलेजच्या खेळाचं एवढं झालं, तर आपल्या कॉलेजच्या खेळाचं काय झालं?

पहिलं उत्तर सोपं आहे. काही नाही झालं. कारण केबलचा एक पैसा त्याला कधी मिळालाच नव्हता! गावसकर ज्या रोहिंटन बारिया करंडकात मुंबई विद्यापीठाकडून खेळले, ती आंतरविद्यापीठ स्पर्धा १९३५ पासूनची. तिचे स्कोअर पेपरात छापून यायचे, लोक वाचायचे. पण टीव्हीचा पैसा आला तो सगळा थेट मोठ्या क्रिकेटकडे गेला. १९९३ च्या हीरो कपच्या वेळी प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना कोर्टात गेले. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. दार उघडलं, चॅनेल्स आली, पैसा आला. कॉलेजचा खेळ मात्र व्हरांड्यातच उभा राहिला.

आमच्याकडे कॉलेजात खेळणाऱ्याला काय मिळतं? सर्टिफिकेट. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी ते लागतं, आणि कुठल्या पातळीवर खेळलात याला फार महत्त्व. म्हणजे तिकडे खेळाची किंमत टीव्हीवाला ठरवतो आणि इकडे शिक्का. यातलं बरं कुठलं हे मला विचारू नका.

आता दुसरं उत्तर. ते जरा गुंतागुंतीचं आहे, आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो.

केबलच्या वायरीत जागा मोजकी, पण बघणारे कितीही. एकदा चॅनेल लावलं की एकाने बघा नाहीतर लाखाने, खर्च जवळजवळ तोच. स्ट्रीमिंगचं बरोब्बर उलटं आहे. तिथे जागा हवी तेवढी, पण प्रत्येक बघणाऱ्याला स्वतंत्र डेटा पाठवावा लागतो. २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. ते सर्व्हर सांभाळणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. (माझ्या कामात पाचशे युजर एकदम आले तरी आमचा ग्रुप कॉल सुरू होतो!)

यातून काय होतं बघा. केबलवर जागा मोजकी, म्हणून छोट्या खेळाला तिथे शिरणंच कठीण. पण एकदा शिरला की चुकून बघणारे फुकटात मिळतात. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा आमच्या आजीने काही ठरवून कबड्डी लावली नव्हती. बातम्यांवरून सिरीयलकडे जाताना रिमोट मध्येच थांबला आणि ती तिथेच अडकली. पुढचे दोन महिने घरात "सुपर टॅकल"शिवाय दुसरा शब्द नव्हता. स्ट्रीमिंगवर असं अडकायला होत नाही. तिथे तुम्ही जे बघता तेच तुम्हाला पुन्हा दाखवतात. आज आजी असती तर ॲपने तिला जन्मभर सिरीयलच दाखवल्या असत्या.

तसं बघायला गेलं तर आपल्याकडे पॅकेज मोडायचं काम नेटच्याही आधी ट्रायने सुरू केलं. २०१९ मध्ये नवे नियम आले. १०० चॅनेल्सचे १३० रुपये अधिक टॅक्स, आणि पे चॅनेल्सचे पैसे वेगळे. स्टार स्पोर्ट्स १ ची किंमत तेव्हा महिना १९ रुपये होती. बाबा पेन्सिल घेऊन यादीवर टिक करत बसले होते, वाण्याच्या यादीसारखे. आयपीएलपुरतं स्पोर्ट्स ठेवायचं, मग काढायचं. पुढे २०२२ च्या लिलावात २०२३ ते २०२७ साठी आयपीएलचे टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि डिजिटलचे हिस्से मिळून त्याहून थोडे जास्तच. २०२३ ला जिओसिनेमाने आयपीएल फुकट दाखवलं आणि आमच्या आळीतली निम्मी यादी तिथेच संपली. आता ते फुकट प्रकरणही संपलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओ आणि हॉटस्टार एक झाले आणि नंतर पैसे मागायला लागले. असो.

आता मुद्द्याचं. माझी चुलतबहीण रत्नागिरीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेजकडून खो-खो खेळते. रत्नागिरीला मुलींच्या खो-खोचं वेड आहे, संध्याकाळी मैदानावर गेलात तर दिसेल. पण आमचं कॉलेज मुंबई विद्यापीठाचं, आणि विद्यापीठ पसरलंय मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत. पुढच्या फेरीच्या मॅचेस म्हणजे साडेतीनशे किलोमीटर लांब, त्यातही मंगळवारी सकाळी दहाला. त्यामुळे काकूने तिला गल्लीत सोडून मोठ्या मॅचमध्ये कधी खेळताना बघितलंच नव्हतं. तिच्या दृष्टीने खो-खो म्हणजे फुटलेले गुडघे, मातीने भरलेले कपडे आणि बुडालेली प्रॅक्टिकल्स. गेले सहा महिने घरात एकच विषय होता: हे वर्ष झालं की खेळ बंद, बँकेच्या परीक्षांचा क्लास चालू. बहिणीचं म्हणणं, विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर अजून एक-दोन वर्षं द्या. ही मॅच म्हणजे तिचा तोच एक चान्स.

या वेळी यजमान कॉलेजच्या कुणीतरी मोबाईल ट्रायपॉडवर लावून मॅच यूट्यूबवर लाईव्ह टाकली. काकू आमच्याकडे आली, मी ते टीव्हीवर लावलं. (ऑफिसची मीटिंग एका कानात चालू होती.) एकच कॅमेरा, कॉमेंट्री नाही, वाऱ्याचा घोंगावता आवाज आणि मधूनच कुणाचंतरी डोकं आडवं. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटरचं, त्यामुळे एका कॅमेऱ्यात सगळं मावतं हे नशीब. कोपऱ्यात आकडा दिसत होता: ४३ जण बघतायत. त्यातले आम्ही नातेवाईकच अकरा होतो.

बहीण संरक्षणाला उतरली. साखळीने पळत, दोनदा अगदी खांबाजवळून हुलकावणी देत तिने अडीच मिनिटं काढली. काकू खुर्चीच्या काठावर. तेवढ्यात चित्र अडकलं, गोल गोल फिरायला लागलं, आणि ते परत यायच्या आत फॅमिली ग्रुपवर मेसेज आला: "आउट. पण भारी खेळली." लाईव्ह म्हणतात ते तीस सेकंद शिळं असतं, हे काकूला त्या दिवशी कळलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढं पळते ही?" आणि थोड्या वेळाने, "डाव्या पायावर जोर देत नाहीये, लागलंय वाटतं तिला." आईला बरोब्बर तेच दिसलं जे सर्टिफिकेटवर कधीच छापून येत नाही.

संघ हरला. विद्यापीठाच्या निवडीचं मी हे लिहीपर्यंत काही कळलेलं नाही. क्लासची फी काकूने भरली आहे, पण बॅच संध्याकाळची नाही, सकाळची घेतली. संध्याकाळ सरावासाठी मोकळी. सिनेमात असतं तसं मनःपरिवर्तन वगैरे काही झालं नाही. एवढंच झालं.

पण हे एवढंही केबलने कधी होऊ दिलं नसतं, कारण मंगळवारी सकाळी दहाची कॉलेजची मॅच कुठलंच चॅनेल दाखवणार नाही. म्हणून मी स्ट्रीमिंगला शिव्या देणार नाही. तिकडे कॉलेजच्या खेळाकडे पैसा होता, तो हलला. इकडे काहीच नव्हतं, निदान ४३ डोळ्यांच्या जोड्या तरी मिळाल्या.

अडचण त्या चव्वेचाळिसाव्या माणसाची आहे. पूर्वी आमच्या केबलवाल्या काकांचं स्वतःचं एक चॅनेल होतं. त्यावर गणपती विसर्जन, साड्यांच्या सेलची जाहिरात आणि मध्येच शिवाजी स्टेडियमवरची कबड्डी. दर्जा यथातथाच, पण भाजी निवडता निवडता अख्खं गाव ते बघायचं. बाजारात पोराला ओळखायचं, "काल चांगली पकड केलीस हां!" हे ओळखणं फुकट होतं आणि खेळणाऱ्याला ते पुरायचं. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही भारतीय संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, आणि दोन्ही संघ जिंकले. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर किती जणांना माहीत होतं? दोघांना. बाकीच्यांना त्यांच्या ॲपने सांगितलंच नाही.

चुकून बघणारा माणूस आता चुकून येणार नाही, त्याला बोलवावं लागेल. त्याला फार खर्च नाही. मॅचची वेळ आदल्या दिवशी कळवा. दोन मुलांना मराठीत कॉमेंट्री करायला बसवा, कॉलेजात बडबड्यांची कमी नसते. स्क्रीनवर स्कोअर दाखवा. हे शेवटचं मी बहिणीच्या कॉलेजसाठी करून दिलंय, दोन रविवारचं काम होतं. मोबाईलवर बटण दाबलं की गुण आणि उरलेला वेळ लाईव्ह चित्रावर दिसतो. कुणाला हवं असेल तर सांगा, तुमच्या कॉलेजलाही देतो.

आणि तुम्ही पुण्या-मुंबईत, बंगलोरात, न्यू जर्सीत बसून हे वाचत असाल तर एक करा. पुढच्या वेळी ॲपवर काय बघू काय बघू करत वीस मिनिटं घालवाल, तेव्हा आपल्या जुन्या कॉलेजचं नाव टाका आणि पुढे खो-खो किंवा कबड्डी लिहा. काहीतरी सापडेल. चित्र हलेल, मध्येच अडकेल, कुणाचंतरी डोकं आडवं येईल. पाच मिनिटं थांबा. खेळणाऱ्यांना तुम्ही दिसणार नाही, पण मॅच संपल्यावर आकडा सगळे बघतात. ४३ चे ४४ झालेले त्यांना नक्की कळतात.