पोथीघराचें दार

पेन्शनींत निघाल्यावर वडिलांच्या जीर्ण पोथ्या संगणकावर उतरवून काढण्याचा उद्योग मीं आरंभिला. धाकट्या चिरंजिवानें माळ्यावरील जुन्या संगणकावर एक लहानसा वेब सर्व्हर बसवून त्यास 'पोथीघर' असें नांव दिलें. माझ्या मेजावरील यंत्रांत तें नांव टाइप केलें कीं पोथ्यांचीं पानें समोर उभीं राहत.

दिवाळीच्या साफसफाईनंतर एके सकाळीं 'जोडणी नाकारली' एवढेंच उत्तर आलें. काळजांत धस्स झालें. मूळ पोथ्यांपैकीं दोन कसरीनें केव्हांच खाल्ल्या होत्या! 'पिंग' करून पाहिलें, तर उत्तर येत होतें. अर्थात् यंत्र जिवंत, सबब दोष सर्व्हरचा, असा तर्क बांधून मीं पुण्यास फोन केला व चिरंजिवास नको तें बोललों. चौकशीआधीं छडी उगारणाऱ्या मास्तरांची मीं जन्मभर निंदा केली, हें त्या क्षणीं आठवलें नाहीं.

तो शांतपणें म्हणाला, "अण्णा, माळ्यावरच्या यंत्रावरच बसून 'लोकलहोस्ट' उघडून पाहा." लोकलहोस्ट म्हणजे यंत्रानें स्वतःसच मारलेली हांक, तिचा क्रमांक १२७.०.०.१, व ती यंत्राबाहेर जातच नाहीं. पाहतों तों सर्व पोथ्या सुखरूप!

मग घोटाळा कोठें? नांवाची क्रमांकाशीं गांठ घालणारी 'होस्ट्स' नांवाची फाइल माझ्या यंत्रांत आहे. (१९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं डीएनएसची योजना मांडली, तत्पूर्वीं अमेरिकेंतील अर्पानेटचा कारभार अशाच एका यादीवर चाले.) तींत पोथीघरापुढें १९२.१६८.१.५ असें लिहिलें होतें. साफसफाईंत मीं राउटर व माळ्यावरील यंत्र दोन्ही बंद केलीं होतीं. राउटर सुरू होतांच त्यानें क्रमांक नव्यानें वांटले. यंत्रास ९ मिळाला, आणि ५ गेला थोरल्या सूनबाईंच्या मोबाईलकडे! पिंगला ओ देत होता तो मोबाईल. त्या पत्त्यावर आतां दुसरेंच बिऱ्हाड. तेथें सर्व्हरच नाहीं, मग दार कोण उघडणार? 'उत्तर येतें, म्हणून तें आमचेंच यंत्र' हा माझा हेतु नैयायिकांच्या भाषेंत सव्यभिचार ठरला. तर्कसंग्रह शिकलेल्या माणसानें लाजावें असाच प्रकार.

फाइल दुरुस्त करतांनाहि नोटपॅड जतन करूं देईना. प्रशासकाच्या अधिकारानें तें पुनः उघडावें लागलें. नंतर त्या यंत्रासाठीं ९ हा क्रमांक राउटरमध्यें कायमचा राखून ठेविला.

रात्रीं पुनः फोन केला. क्षमा मागण्याची संवय मास्तरांस नसते, "जेवलास का?" एवढेंच विचारलें. तो हंसला व म्हणाला, "अण्णा, पोथ्यांची एक प्रत माझ्याकडेहि असूं द्या." ती मीं निजण्यापूर्वींच पाठविली.