बोंडातली माशी

करडई पेरणाऱ्या सोलापूरकडच्या शेतकऱ्याला या माशीची ओळख करून द्यावी लागत नाही. ती कळीत अंडी घालते, अळ्या बोंड आतून पोखरतात, भोकातून रस झिरपतो आणि बोंड कुजते. शास्त्रीय नाव ॲकॅन्थिओफिलस हेलिआन्थाय. तीच माशी जर्मनीतल्या माळांवरही आहे. इथे करडईची शेते जवळपास नाहीत, म्हणून ती फ्लोकेनब्लूमे या जांभळ्या रानफुलावर भागवते. तिच्यावर फवारा मारावा असे इथे कुणाच्या मनातही येत नाही.

तिच्या भाऊबंदांचा अभ्यास हे माझे काम. कुळ फळमाश्यांचे, पण इथल्या बहुतेक जाती फळाच्या वाटेला जात नाहीत. चेरीवरची माशी हा बदनाम अपवाद. बाकीच्यांपैकी बहुतेकांची ओढ सूर्यफुलाच्या कुळाकडे. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो तिथे अनेक फुलांचा गुच्छ असतो, आणि प्रत्येक फुलाखाली एक बी.

बायरॉयट विद्यापीठात हेल्मुट त्स्व्योल्फर यांनी अशा बोंडांतल्या किड्यांचे अख्खे जग उलगडून दाखवले. त्यातली टेफ्रिटिस कोनुरा माझी लाडकी. वसंतात नर काटेरी झाडाच्या कोवळ्या कळीवर ठाण मांडतो आणि जाळीदार नक्षीचे पंख हलवत मादीची वाट पाहतो. लग्न जमते ते झाडावरच. त्यामुळे कोलडिस्टेल या पिवळट फुलांच्या काटेरी झाडावर वाढलेल्या माश्यांची जांभळ्या फुलांच्या काटेरी झाडावरल्या भावकीशी सोयरीक सहसा होत नाही. एकाच जातीच्या दोन वेगळ्या वंशशाखा पडल्यात, त्या अशा. अळ्या कळीतच बिया खातात, तिथेच कोष करतात. उन्हाळ्यात माशी उडून जाते आणि थंडी पंखांनिशी काढते.

युरोफोरा जेसिआना या दुसऱ्या माशीची रीत उलटी. फ्लोकेनब्लूमेचे वाळलेले बोंड जानेवारीत नखाने फोडून पाहा. मऊ भुशाखाली चिंचोक्यासारखी टणक गाठ लागते. ती झाडानेच अळीभोवती बांधलेली. चाकूने कापली तर एकेका कप्प्यात एकेक पांढुरकी, फुगीर अळी, मागच्या टोकाला काळसर चकती. काही कप्प्यांत अळीऐवजी तिला खाऊन बसलेले परजीवी गांधीलमाशीचे पोर निघते. अळी वसंतात कोष करते, उन्हाळ्यात माशी बाहेर.

दोघींची वेळापत्रके अशी वेगळी, म्हणून माझा वाद आहे तो गवत कापण्याच्या तारखांशी. अमुक तारखेआधी कुरण कापू नका, हा नियम चांगला, पण कोणासाठी? जूनमध्ये कापले तर कोनुराची पिल्ले कळीसकट वैरणीत जातात. शरदात ‘साफसफाई’ केली तर कोनुरा केव्हाच उडालेली असते, युरोफोरा मात्र मरते. अजिबात कापले नाही तर काही वर्षांत झुडपे माजतात आणि फुलेच संपतात. म्हणून कुरणाचा एक पट्टा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उभा ठेवावा आणि दरवर्षी त्याची जागा बदलावी. वाळके देठ पाहून शेजारी आळशी म्हणतील, म्हणू द्यावे.