मुठीत बसणारं शिंग

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारात कपड्यांचे ढीग उपसणारे हात कमी नाहीत. त्या गर्दीतल्या एकीला मात्र हवी होती आईच्या गुडघ्याला आधार देणारी काठी. तयार काठ्यांची उंची जुळेना, म्हणून तिने स्वतःच घडवायला घेतली.

दांडा शिसमचा, मूठ म्हशीच्या शिंगाची. शिंगकामासाठी नावाजलेलं संभल दिल्लीहून फार दूर नाही. शिंग म्हणजे केराटिन, नखांत असतं तेच. तापवलं की मऊ पडतं, दाबून वळवता येतं, थंड झालं की आकार धरतं. जास्त तापलं तर करपतं, आणि जळक्या केसांसारखा वास खोलीभर पसरतो. इथे घाई करूच नये. हरणाच्या शिंगांचा विचारही तिने केला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांच्या शिकारीला आणि शिंगांच्या व्यापाराला आळा घातला, हे फार चांगलं झालं.

मापासाठी आई रोजच्या चपला घालून, हात मोकळे सोडून उभी राहिली. जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत ती उंची. काठी टेकल्यावर कोपर १५ ते २० अंश वाकायला हवं.

काठी धरायची दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आईला हे सारखं सांगावं लागतं.

मूठ आणि दांडा जोडायला तिने आत स्टीलची सळई घातली, कारण सगळा भार त्या सांध्यावर येतो. टोकाला रबरी बूच. ते झिजून गुळगुळीत झालं की लगेच बदलायचं, नाहीतर ओल्या फरशीवर काठी सरकते.