चिंचवडाहून चाकणपर्यंत

पुण्याहून मुंबईच्या जुन्या रस्त्यानें निघालें म्हणजे पिंपरीपुढें चिंचवड लागतें. पवनेच्या तीरीं श्रीमोरया गोसावींचें समाधिस्थान असल्यामुळें हें नांव आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. गेल्या माघांत आम्ही तेथें दर्शनास गेलों, आणि त्याच दिवशीं आमची एक दुसरीही यात्रा घडली. तिचा वृत्तांत वाचकांस सादर करितों.

हा सारा मुलूख आतां मोटारींचें माहेरघर झाला आहे. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि त्याच दशकांत आकुर्डीस बजाज व पिंपरीस टाटा यांचे कारखाने उभे राहिले. मोटारीस हजारों सुटे भाग लागतात. ते सर्व मोठा कारखाना स्वतः करीत नाहीं. पुष्कळसे भोसरीसारख्या ठिकाणचे लहान कारखानदार करून देतात. आमचा एक जुना विद्यार्थी त्यांपैकींच एक. चौदा कामगार हाताशीं घेऊन तो इंजिनाच्या झडपांचे भाग करितो. मंदिराबाहेर तो आम्हांस भेटला, आणि म्हणाला, "गुरुजी, आज आमचेंही देऊळ पाहा."

त्यानें आम्हांस चिंचवडांतच 'ऑटो क्लस्टर' नामक संस्थेंत नेलें. केंद्र सरकारचें साहाय्य, महापालिका व उद्योजक यांच्या मेळानें ती उभी राहिली आहे. एका परीक्षण-यंत्राची किंमत लहान कारखानदाराच्या सर्व मालमत्तेहून अधिक असते. येथें फी भरून कोणासही आपला भाग मापून व तपासून घेतां येतो, नवा नमुना घडवितां येतो. गांवांत प्रत्येकाच्या दारीं आड नसला तरी पाणवठा सर्वांचा असतो, तसेंच हें.

या कल्पनेचा मोठा नमुना पुण्यासच वेताळ टेकडीवर आहे. मोटारधंद्यांतील मंडळींनीं सरकारच्या सहकार्यानें १९६६ सालीं 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन' ही संस्था काढिली. बाजारांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले कारखानदार परीक्षेस मात्र एकाच शाळेंत बसतात! धुराविषयींचे नियम १ एप्रिल २०२० रोजीं चौथ्या इयत्तेंतून एकदम सहाव्या इयत्तेंत गेले, पांचवी गाळली गेली. अशी उडी एकेकट्यानें मारणें फार कठीण.

भोसरीहून आम्ही चाकणास गेलों. कांद्याच्या बाजारपेठेचें हें गांव. २००९ सालीं येथें फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. महिंद्र, बजाज, मर्सिडीज-बेंझ यांचेही कारखाने आहेत. मालमोटारींच्या गर्दींतून वाट काढीत आम्ही संग्रामदुर्गाचे अवशेष पाहिले. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यांनीं शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध हा भुईकोट सुमारें पावणेदोन महिने झुंजविला. शौर्यांत उणें नव्हतें. परंतु महाराज त्या वेळीं पन्हाळ्याच्या पेचांत गुंतलेले, बाहेरून कुमक येऊं शकली नाहीं, आणि अखेर सुरुंगानें बुरूज उडाला.

तेथेंच आमच्या विद्यार्थ्यानें आपली चिंता सांगितली. "गुरुजी, विजेच्या गाडीस झडप नाहीं, पिस्टन नाहीं. माझा माल उद्यां कोण घेणार? माझ्या चौदा माणसांची घरें यावर चालतात." मग त्यानें उपायही सांगितला. शेजारच्या तिघां कारखानदारांसह त्यानें विजेच्या मोटरचा दांडा व बॅटरीची पेटी करण्याचें काम आरंभिलें आहे. यंत्रें वांटून घेतलीं, चांचणी त्या सामायिक संस्थेंत होते. "एकटा असतों तर कुलूप लावलें असतें," तो म्हणाला.

हा उद्योग यशस्वी होईलच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आपल्या घरांतील शिकलेलीं मुलें परदेशाकडे डोळे लावून बसतात. त्यांस वडीलधाऱ्यांनीं एकदां हा रस्ता अवश्य दाखवावा. मोरयाचें दर्शन घ्यावें, आणि पुढें भोसरीच्या एखाद्या लहानशा कारखान्यांत जाऊन तासभर काम पाहावें. तेथें बुद्धीस वाव आहे, आणि हुशार माणसांची निकडही आहे.