शिक्का वाचताना

कसबा पेठेत वाढल्यामुळे धातूवर पडणारा हातोडा मला परका नाही. तांबट आळीतलं माठारकाम ऐकत शाळेत गेले. पुढे ड्रम वाजवायला लागल्यावर तुर्की सिंबलवरचे ठोके पाहिले, तेव्हा आधी आळीच आठवली. मिश्रणही ओळखीचं: ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. आपल्या काशाच्याच जातकुळीतलं.

माझी पहिली जुनी सिंबल २० इंची. विकणाऱ्याने ती ‘इस्तंबूलची, शंभर वर्षांची’ म्हणून दिली. दाबून उमटवलेल्या शिक्क्यात अरबी लिपीतली एक ओळ होती. गझलेच्या नादाने मी उर्दू अक्षरं शिकले होते. ‘झे’, ‘लाम’, ‘जीम’, शेवटी ‘नून’ अशी अक्षरं लागत गेली आणि नाव जुळलं: झिल्जियान. झिल म्हणजे झांज, झिलजी म्हणजे ती घडवणारा, आणि ‘यान’ हे आर्मेनियन आडनावांचं शेपूट. तुर्कस्तानने ही लिपी १९२८मध्ये सोडली. म्हणजे सिंबल त्याआधीची, असं मी ठरवूनही टाकलं.

मग लहानपणी नाण्यांचे छाप घ्यायचो तसा पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. डोळ्यांना न दिसलेली शेवटची ओळ कागदावर उठली: ‘मेड इन यू.एस.ए.’ त्या दिवशी फार वाईट वाटलं. याच घराण्यातल्या अवेडिस झिल्जियान यांनी १९२९मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कारखाना काढला. तिथल्या शिक्क्यात जुनी लिपी राहिली, ‘अस्सल तुर्की सिंबल’ ही इंग्रजी ओळही राहिली. तुर्कस्तानातल्या शाळांतून गेलेली अक्षरं अमेरिकेतल्या काशावर आजही उमटतात.

खरी ‘के’ हातात आली ती इस्तंबूलमध्येच. गलाता मनोऱ्याकडे उतरणाऱ्या गालिप देदे रस्त्यावर वाद्यांची दुकानं आहेत. त्यातल्या एका वयस्क दुकानदाराने ती कापडातून काढून दिली. ‘के’ म्हणजे केरोपे झिल्जियान. त्यांच्या नावाच्या या सिंबल इस्तंबूलमध्ये १९७७च्या सुमारापर्यंत हाताने घडत होत्या. ग्रेच कंपनी त्या अमेरिकेत न्यायची, जाझ ड्रमर एल्विन जोन्स आणि टोनी विल्यम्स त्यांवर वाजवायचे. स्टिक हलकेच टेकवली. आधी गडद, कोरडा ठोका, आणि मागे धुरासारखी पसरणारी आस. मी दुसरा ठोका बराच वेळ मारलाच नाही.

दुकानदाराच्या मते ती १९२०च्या आसपासची. मी टॉर्च आडवा धरला. सुरुवातीच्या ‘के’वर ‘कॉन्स्टँटिनोपल’ असतं. इथे ‘इस्तंबूल’ होतं. परदेशांनी हेच नाव वापरावं असा आग्रह तुर्की सरकारने १९३०मध्ये धरला. त्यामुळे १९२० मला पटेना. (उलटं मात्र चालत नाही. ‘कॉन्स्टँटिनोपल’ दिसलं म्हणून सिंबल १९३०च्या आधीचीच, असं छातीठोक सांगू नये. जुना ठसा काही काळ चाललाही असेल.) शिक्क्यातल्या वरच्या, अरबी लिपीतल्या उस्मानी ओळीतलं जे उरलं होतं ते मी वाचून दाखवलं. ती लिपी त्यांना येत नव्हती. त्यांनी ते नाव माझ्या मागून हळू म्हटलं.

संग्राहक ‘के’चे शिक्के जुना, मधला आणि नवा असे ओळखतात. जोडीला बेलचा, म्हणजे मधल्या फुगवट्याचा आकार, ठोक्यांची ठेवण, कातकामाच्या रेषाही पाहतात. पण माझा पहिला आधार शिक्काच, आणि इथे त्याचा वरचा भाग जवळजवळ सपाट झाला होता. कुणीतरी चकचकीत करण्यासाठी मशीनवर घासली होती. १९३०नंतरची, इस्तंबूलचा कारखाना बंद होण्याआधीची. याहून जवळचं साल मी सांगू शकले नाही. जवळजवळ पाच दशकांची ओळख त्या पॉलिशने पुसली.

गोव्यात किंवा वांद्र्याला तुमच्या घरच्या माळ्यावर जाझ वाजवणाऱ्या आजोबांची काळवंडलेली सिंबल असेल, तर तिला चिंच, लिंबू, पॉलिश काहीही लावू नका. पातळ कागद ठेवा, पेन्सिल आडवी घासा, आणि आधी शिक्का वाचा.