वहिनीचा संप

मार्च २०२३. माझी वहिनी संपावर होती. ती सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेली, त्यामुळे जुनी पेन्शन नाही. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता. नव्यात पगारातून दरमहा १० टक्के कापायचे, सरकारने आपला वाटा घालायचा आणि बाजार देईल ते घ्यायचं. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' अशी टोपी घातलेला फोटो तिने घरच्या ग्रुपवर टाकला. मी इथून, नोव्हायहून लिहिलं, "वहिनी, ऐन परीक्षेत मुलांचं काय?" तिने नुसता अंगठा पाठवला.

मला रागही होता. त्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयातली आत्याची शस्त्रक्रिया पुढे गेली होती. १४ मार्चला सुरू झालेला संप २० तारखेला मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनावर मिटला. एवढं करून मिळवलं काय, असं मनात आलं.

नोव्हायमध्ये आपल्या लोकांत गाड्यांच्या कंपन्यांमधले इंजिनिअर पुष्कळ. गणपतीच्या जेवणात यूएडब्ल्यूचं, म्हणजे वाहन कामगारांच्या युनियनचं नाव निघालं की कोणीतरी म्हणणारच, "यांनीच डेट्रॉइट बुडवलं." मीही मान डोलवायचे. मी जीवशास्त्रातली पोस्टडॉक, माझा काय संबंध?

७ फेब्रुवारी २०२५ च्या शुक्रवारी संबंध आला. संशोधनाच्या अनुदानावर वीज, इमारत, कार्यालय यांसाठी जो वरखर्च मिळतो, तो सरसकट १५ टक्क्यांवर आणत असल्याचं एनआयएचने जाहीर केलं. अनेक विद्यापीठांत हा दर ५० टक्क्यांच्या वर होता. न्यायालयाने तो निर्णय अडवला, पण मग चालू अनुदानंच रद्द होऊ लागली. आमच्या प्रयोगशाळेच्या अनुदानाचं नूतनीकरण अडकलं. माझा पगार त्यातूनच. नोकरी गेली तर एच-१बी वर हातात ६० दिवस. घरी कुणाला सांगितलं नाही.

२ एप्रिलला या रद्द अनुदानांविरुद्ध बोस्टनच्या न्यायालयात दावा दाखल झाला. दावेदारांत सार्वजनिक आरोग्याची संघटना होती, काही संशोधक होते आणि यूएडब्ल्यू होती! तेव्हा मला कळलं, की तिच्या सुमारे चार लाख सभासदांपैकी एक लाखाच्या आसपास विद्यापीठांतलेच आहेत. १६ जूनला न्यायाधीशांनी ती रद्दबातल कारवाई बेकायदा ठरवली. २१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की पैशांचा दावा दुसऱ्या न्यायालयात न्या. म्हणजे अर्धंच जिंकलं.

त्या रात्री वहिनीला फोन केला, सगळं सांगितलं. मग विचारलं, "संपातून तुला काय मिळालं गं?"

"थोडंच. पण आमच्या शाळेत तिसऱ्या शिक्षकाची जागा किती वर्षं रिकामी आहे, माहितीये? कुणाला काढत नाहीत, नुसती जागा भरत नाहीत. मग कुणाला दिसतच नाही. सात दिवस शाळा बंद राहिली, तेव्हा दिसलं."

आत्याने ते दिवस दुखणं सोसलं, हे मी विसरलेले नाही. वहिनीही विसरलेली नाही. आत्याला डबा तीच नेत होती.

आमच्याकडच्या पोस्टडॉक युनियनचा अर्ज माझ्या टेबलावर महिनाभर पडून होता. व्हिसावरच्या माणसाने यात पडावं का, ही भीती. कायद्याने पडता येतं, तरी भीती ती भीतीच. शेवटी सही केली आणि फोटो वहिनीला पाठवला.

तिचं उत्तर आलं, "उद्या संपावर गेलीस, तर तुझ्या उंदरांचं काय?"

मी अंगठा पाठवला.