लष्कर तीनावर चालत नाही

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेडफोनची वायर हलवून पाहिली. सुरुवातीला नुसती खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखं काहीतरी. वायर ठीक होती. गाणंच तसं होतं. ओएमडी या बँडचं 'मेड ऑफ ऑर्लीन्स', १९८१च्या अल्बममधलं.

*

लिव्हरपूलजवळच्या विरलची ही पोरं. आदल्याच वर्षी त्यांनी 'एनोला गे' केलं होतं. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचं नाव, आणि विमानाला ते दिलेलं वैमानिकाच्या आईवरून. चाल अशी की पाय ठेका धरतो आणि मग आपलीच आपल्याला लाज वाटते.

*

'मेड ऑफ ऑर्लीन्स' म्हणजे जोन ऑफ आर्क, फ्रेंच पोरगी. एकाच अल्बममध्ये तिच्यावर दोन गाणी, तीही लागोपाठ; हे त्यातलं एक. एकानं भागलं नाही म्हणायचं. दोन्ही ब्रिटनमध्ये पहिल्या पाचात गेली.

*

मेलोट्रॉन. बाहेरून आपल्या पेटीचा थोरला भाऊ, आत प्रत्येक पट्टीमागे टेपची एकेक फीत. पट्टी दाबली की फीत सरकते आणि कुणीतरी कधीतरी वाजवून ठेवलेलं व्हायोलिन ऐकू येतं, नाहीतर गायनवृंद. साधारण आठ सेकंद. मग फीत संपते, सूर तुटतो. पेटीवाला भाता मारून सूर लांबवू शकतो, इथे ती सोय नाही. पट्टी सोडायची, फीत मागे जाऊ द्यायची, पुन्हा दाबायची.

या गाण्यात मेलोट्रॉन भरपूर आहे. जोनला तेराव्या वर्षापासून आवाज ऐकू येत, संत मायकलचा, संत कॅथरिनचा, संत मार्गारेटचा. (आपल्याकडे असती तर अंगात येतं म्हणाले असते, आणि ओटी भरायला रांग लागली असती.) तिच्या गाण्याला हेच वाद्य हवं. गाणारे केव्हाच घरी गेलेत, आवाज खोलीत आहे.

*

ताल तीनाचा, वॉल्ट्झ. दादऱ्यावर वाढलेल्या कानाला डोलायला अडचण नाही. पण वर ड्रम वाजतो तो पलटणीचा, तडतड. लष्कर तीनावर चालत नाही, माणसाला पायच दोन. त्यामुळे गाणं ना धड नाचाचं, ना धड कूच करायचं.

*

जोननं १४२९मध्ये ऑर्लेआँचा, म्हणजे गाण्यातल्या ऑर्लीन्सचा, वेढा उठवला. ३० मे १४३१ला तिला रूआँच्या बाजारचौकात जाळली. वय एकोणीसच्या आसपास. खटला चालवणारा बिशप, आरोपांत पुरुषी कपडे घालण्याचाही एक. १४५६मध्ये निकाल रद्द, १९२०मध्ये संतपद. जाळणारेही त्या रात्री प्रार्थना म्हणूनच झोपले असणार.

गाणं या भानगडीत पडत नाही. त्याला इंग्रज, बिशप, राजा कुणीच नको. पोरगी तेवढी हवी. मला हे आधी पळवाट वाटायचं. आता वाटत नाही.

*

शब्द थोडे, ध्रुवपद नाहीच. अर्ध्यावर गाणारा गप्प होतो आणि पुढे बॅगपाइपसारखा एक सूर सगळं ओढून नेतो. फ्रेंच पोरीच्या गाण्यात बॅगपाइप कशाला, असं वाटलं होतं. पण तिच्या बाजूनं स्कॉटिश शिपाई लढले होते.